गंभीर जखमी पेशंट कुठल्या हॉस्पिटलात जास्त वाचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं ट्रॉमा रजिस्ट्रीत, म्हणजे अपघात-मारामारीत जखमी झालेल्या पेशंटच्या नोंदवहीत, केसपेपर बघून आकडे भरायचं काम केलं आणि नंतर दुसऱ्यांनी भरलेले आकडे तपासायचं. त्यामुळे कुठल्या आकड्यात काय लपलंय ते थोडंफार कळतं. लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलंय, लांबलंय जरा, तुम्हाला हवा तो प्रश्न शोधून वाचा.

सरळ सांगा ना, मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेलं तर माणूस जास्त वाचतो का?

हो, वाचतो. पण किती जास्त हे कळायला चांगला अभ्यास लागतो आणि त्यातला सगळ्यात नावाजलेला अमेरिकेतला आहे, २००६ साली छापून आला. १४ राज्यांतली १८ लेव्हल वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची ट्रॉमा सेंटरं आणि ५१ साधी हॉस्पिटलं, म्हणजे मोठी असली तरी ट्रॉमा सेंटर नसलेली, यातले ५,१९१ पेशंट घेतले आणि वय, जखमा, आधीचे आजार वगैरे सगळं जुळवून मग तुलना केली. हॉस्पिटलात असताना मरण्याचं प्रमाण ट्रॉमा सेंटरमध्ये ७.६ टक्के आणि साध्या हॉस्पिटलात ९.५ टक्के निघालं. एका वर्षानंतर बघितलं तर १०.४ विरुद्ध १३.८. म्हणजे वर्षभरात मरण्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी कमी.

आता २५ टक्के ऐकून लोकांना वाटतं की चारातला एक माणूस वाचतो, तसं नाही हां. वर्षभराचा फरक ३.४ टक्क्यांचा आहे, म्हणजे साधारण २९-३० गंभीर पेशंट साध्या हॉस्पिटलाऐवजी ट्रॉमा सेंटरला नेले तर त्यात एक जादा माणूस वर्षानंतर जिवंत असतो. मला विचाराल तर हा आकडा खूप मोठा आहे, औषधांच्या बाबतीत एवढा फरक दिसला तर लोक नाचतील. आणि हा फायदा सगळ्यांना सारखा नव्हता, तरुण आणि जास्त जखमी पेशंटमध्ये तो ठळक दिसला, म्हाताऱ्यांमध्ये फारसा नाही. त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

मग काही ठिकाणी उलटं का दिसतं? मोठ्या हॉस्पिटलातच जास्त लोक मरतात की!

दिसणारच. कारण सगळ्यात वाईट केस तिथेच जातात. हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक उदाहरण देतो, आकडे मनाने घेतलेले आहेत.

मोठ्या हॉस्पिटलात २०० पेशंट आले, त्यातले १०० अतिगंभीर आणि १०० बेताचे. अतिगंभीरमधले ३० गेले, बेताच्यातला १ गेला. एकूण ३१, म्हणजे १५.५ टक्के. छोट्या हॉस्पिटलातही २०० आले, पण अतिगंभीर फक्त २० आणि बाकी १८० बेताचे. अतिगंभीरमधले ८ गेले, बेताच्यातले ४ गेले. एकूण १२, म्हणजे ६ टक्के. आता कोण चांगलं? नुसता एकूण आकडा बघितला तर छोटं. पण अतिगंभीरमध्ये मोठ्यात ३० टक्के गेले आणि छोट्यात ४० टक्के. बेताच्यात मोठ्यात १ टक्का, छोट्यात २ टक्क्यांच्या वर. म्हणजे दोन्ही गटांत मोठं हॉस्पिटल सरस आणि तरी एकत्र बेरीज केली की तेच वाईट दिसतं! मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा कॅल्क्युलेटर चुकला असं वाटून तीनदा बेरीज केली होती.

म्हणून कोणी नुसता कच्चा मृत्यूदर तोंडावर फेकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा की बाबा, आले कसले पेशंट?

'गंभीर जखमी' हे ठरवतं कोण?

त्याला एक स्कोअर आहे, आयएसएस, म्हणजे इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर. १९७४ साली सुचवला गेला आणि इतकी टीका होऊनही अजून जगभर तोच चालतो. पद्धत अशी की प्रत्येक जखमेला १ ते ६ असा आकडा मिळतो, १ म्हणजे खरचटलंय वगैरे आणि ६ म्हणजे सहसा वाचवता न येणारी. शरीराचे सहा भाग केलेत. प्रत्येक भागातली सगळ्यात वाईट जखम घ्यायची, त्यातले सगळ्यात वाईट तीन भाग निवडायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि बेरीज. समजा डोक्याला ४, छातीला ३, पायाला ३, तर १६ अधिक ९ अधिक ९ म्हणजे ३४. जास्तीत जास्त ७५ होतो, आणि कुठेही ६ असेल तर सरळ ७५ धरतात. १५ च्या वर गेला की 'मेजर ट्रॉमा' म्हणायची रीत आहे.

गंमत म्हणजे हा स्कोअर दारात पेशंट आल्यावर काढताच येत नाही. सीटी झाला, ऑपरेशन झालं, नेमकं काय काय तुटलंय ते कळलं की मग रजिस्ट्रीतला माणूस फाईल घेऊन बसतो आणि काढतो. उपचारासाठी त्याचा शून्य उपयोग, तुलनेसाठीच तो आहे.

या स्कोअरमध्ये गडबड करता येते का?

मुद्दाम कमी, नकळत भरपूर.

एक तर एका भागातली एकच जखम धरतात. दोन्ही मांड्यांची हाडं मोडली तरी स्कोअर एका मांडीएवढाच, आणि ज्याच्या दोन्ही मोडल्यात त्याचं किती रक्त जातं ते ऑर्थोवाल्यांना विचारा. यावर उपाय म्हणून १९९७ मध्ये सुधारित स्कोअर आला, त्यात शरीराचा भाग न बघता सगळ्यात वाईट तीन जखमा घेतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जे हॉस्पिटल प्रत्येकाचा डोक्यापासून मांडीपर्यंत सीटी करतं, त्याला बारीकसारीक जखमाही सापडतात, बरगडीची छोटी चीर, यकृताला थोडासा ओरखडा. मग त्याच पेशंटचा स्कोअर वाढतो. पेशंट तोच, मार तोच, पण कागदावर तो जास्त गंभीर झाला आणि वाचला की हॉस्पिटलचं कौतुक. ज्या हॉस्पिटलात सीटी कमी होतात तिथे जखमा सापडतच नाहीत, स्कोअर कमी राहतो आणि माणूस गेला की 'साध्या जखमेने गेला' अशी नोंद. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट रजिस्ट्रीत जोडतात की नाही यानेही असाच फरक पडतो. जिथे जोडत नाहीत तिथे लवकर मेलेल्यांचे स्कोअर खोटे कमी असतात कारण त्यांचा सीटी व्हायला वेळच मिळाला नाही.

मग नीट तुलना करतात तरी कशी?

जुनी आणि अजून वापरातली पद्धत म्हणजे ट्रिस, १९८७ सालची. त्यात चार गोष्टी घेतात: आयएसएस, पेशंट आला तेव्हाची शरीराची अवस्था म्हणजे शुद्ध, ब्लड प्रेशर आणि श्वासाचा वेग, वय ५५ च्या आत की पुढे, आणि मार आपटून लागलाय की भोसकल्या-गोळीचा आहे. शुद्धीसाठी ग्लासगो कोमा स्केल, ३ ते १५, हे पण १९७४ चंच. यातून प्रत्येक पेशंटची वाचण्याची शक्यता निघते. सगळ्यांच्या शक्यता बेरजेला घेतल्या की इतके वाचायला हवे होते असा एक आकडा मिळतो आणि तो प्रत्यक्ष वाचलेल्यांशी ताडून बघतात.

समजा २०० पेशंटमध्ये १७० वाचतील असा अंदाज होता आणि १७६ वाचले. ६ जादा, म्हणजे शंभरामागे ३. याला डब्ल्यू म्हणतात. अधिक आला तर चांगलं, उणे आला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पण आकडा ज्या माहितीवर बसलाय ती भरलेली असते का? हा माझा रोजचा वैताग होता. पेशंटला घशात श्वासाची नळी घालून आणलं तर तो बोलणार कसा, मग कोमा स्केलचा बोलण्याचा भाग रिकामा. श्वासाचा वेग तर केसपेपरवर अर्ध्या वेळा नसायचाच, आणि असला तर सगळ्यांचा वीस! माणसं काय घड्याळ लावून श्वास घेतात? आणि माहिती नेमकी अतिगंभीर पेशंटचीच गायब असते कारण तेव्हा लिहायला कोणाचे हात मोकळे नसतात. असे पेशंट गाळून टाकले की राहतात ते तब्येतीने बरे, आणि हॉस्पिटल उगाच चकाकतं. म्हणून आजकाल रिकाम्या जागा संख्याशास्त्राने अंदाजे भरून घेतात, गाळून टाकण्यापेक्षा ते बरं.

जे हॉस्पिटलापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय?

हा खरा प्रश्न आहे आणि फार कमी लोक विचारतात.

१९९८ मध्ये छापलेला एक अभ्यास मला फार आवडतो. तीन शहरं, अमेरिकेतलं सिअ‍ॅटल, मेक्सिकोतलं मोंटेरे आणि घानातलं कुमासी. यांनी फक्त हॉस्पिटलातले पेशंट मोजले नाहीत, जागेवर मेलेलेही धरले. गंभीर जखमींपैकी एकूण मेलेले सिअ‍ॅटलमध्ये ३५ टक्के, मोंटेरेत ५५, कुमासीत ६३. आता बघा जागेवरच किती गेले: सिअ‍ॅटल २१ टक्के, मोंटेरे ४०, कुमासी ५१. म्हणजे मोठा फरक हॉस्पिटलच्या दाराबाहेरच पडला होता. हॉस्पिटलात पोचायला लागणारा सरासरी वेळ सिअ‍ॅटलला ३१ मिनिटं, मोंटेरेला ७३ आणि कुमासीला १०२.

आणि यातली सगळ्यात विचित्र ओळ म्हणजे इमर्जन्सी रूममध्ये मरणारे. कुमासीत ३ टक्के, सिअ‍ॅटलला ६, मोंटेरेत ११. फक्त इमर्जन्सीचा आकडा दाखवला असता तर तिन्हींत कुमासी पहिलं आलं असतं! खरं कारण हे की जे जाणार होते ते तिथे पोचायच्या आधीच गेले, आणि जे पोचले ते मुळात टिकणारे होते.

उलट्या बाजूनेही हेच होतं. अ‍ॅम्ब्युलन्स सेवा चांगली झाली की आधी रस्त्यात मेले असते असे पेशंट आता धुगधुगी असताना दारात येतात, त्यातले बरेच हॉस्पिटलात मरतात, आणि हॉस्पिटलचा मृत्यूदर वाढतो. सगळं सुधारलं म्हणून आकडा बिघडला.

'आणताच मृत' हे मोजतात का?

काही ठिकाणी मोजतात, काही ठिकाणी नाही, आणि याच एका गोष्टीने क्रमवारी वरखाली होऊ शकते. तुलना वाचताना ही ओळ शोधा, बहुतेक वेळा तळटीपेत असते.

छोट्या हॉस्पिटलने रेफर केलेला पेशंट कोणाच्या खात्यात जातो?

इथे तर सगळ्यात जास्त घोळ आहे. पेशंट आधी जवळच्या हॉस्पिटलात जातो, तिथून मोठ्यात पाठवतात. जो पाठवण्याइतका टिकला तोच मोठ्यात पोचतो. जो छोट्याच्या इमर्जन्सीतच गेला तो मोठ्याच्या हिशोबात नसतोच. मग कोणीतरी मोठ्यातले 'थेट आलेले' आणि 'रेफर होऊन आलेले' यांची तुलना करतो, मृत्यूदर सारखाच येतो आणि निष्कर्ष काढतो की आधी कुठेही न्या, काही फरक पडत नाही. अहो पण जे वाटेत गळाले ते कुठे गेले?

कॅनडात हे लक्षात घेऊन पहिल्या हॉस्पिटलात गेलेलेही धरले तेव्हा चित्र बदललं, आधी साध्या हॉस्पिटलात नेलेल्यांना धोका जास्त निघाला. त्यामुळे नियम असा हवा की पेशंट पहिल्यांदा ज्या दारात गेला त्या दारापासून मोजायचं. पण त्यासाठी दोन हॉस्पिटलांच्या नोंदी एकमेकांना जोडाव्या लागतात आणि नावाचं स्पेलिंग, वय, तारीख यातलं काहीतरी एक हमखास जुळत नाही. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्यात माझ्या.

गोल्डन अवर खरा आहे का?

एक तासाची रेघ अशी कुठे आखलेली नाही. हा शब्द बाल्टिमोरच्या आर. अ‍ॅडम्स काउली या सर्जनमुळे पसरला, चांगल्या हेतूनेच, लोकांना घाई करायला लावायला. पण २०१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास आला, सगळे जागेवरच अवस्था बिघडलेले, आणि त्यात अ‍ॅम्ब्युलन्सला लागलेला वेळ आणि मृत्यू यांचा संबंध सापडला नाही.

याचा अर्थ सावकाश न्या असा घेऊ नका. एक तर जो फार वाईट आहे त्याला सगळे जास्तच पळवतात, त्यामुळे कमी वेळ आणि जास्त मृत्यू असे एकत्र दिसतात आणि खरा परिणाम झाकला जातो. आणि सगळ्या जखमा घड्याळावर सारख्या चालत नाहीत. ज्याचं आत रक्त वाहतंय त्याला मिनिटामिनिटाने फरक पडतो. २०१७ च्या एका अभ्यासात भरपूर रक्त लागणाऱ्या पेशंटसाठी रक्ताची पहिली पेटी यायला जो उशीर झाला, त्यातल्या प्रत्येक मिनिटामागे मरण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होती. मांडीचं हाड मोडलंय पण बाकी ठीक आहे अशा माणसाला दहा मिनिटांनी काही होत नाही. दोघांची सरासरी काढली की काहीच दिसत नाही.

ट्रॉमा सेंटरमध्ये असं वेगळं असतं तरी काय? डॉक्टर तर सगळीकडे असतात

असतात, पण रात्री तीनला कुठे असतात हा प्रश्न आहे.

पेशंट यायच्या आधी अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन येतो, टीम गोळा होऊन उभी असते, कोण डोक्याशी, कोण छातीशी, कोण लिहिणार ते ठरलेलं असतं. सर्जन घरून यायचा नसतो, इमारतीतच असतो. ऑपरेशन थिएटर एक तरी मोकळं ठेवलेलं. ब्लड बँकेला एक फोन केला की क्रॉसमॅचची, म्हणजे रक्त जुळवून बघण्याची, वाट न बघता ठरलेल्या प्रमाणात पिशव्या सुटतात. सीटी शेजारच्या खोलीत. न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयू सगळं चोवीस तास. आणि जे लोकांना दिसत नाही ते म्हणजे दर महिन्याला प्रत्येक मृत्यूची उलटतपासणी, कुठे उशीर झाला, कोणी फोन उचलला नाही, सगळं टेबलावर. मला यंत्रापेक्षा ही मीटिंग जास्त महत्त्वाची वाटते, अर्थात माझं आकडे भरायचं काम त्यासाठीच होतं म्हणून पक्षपात असेल थोडा.

हे नसलं की काय होतं ते १९७९ च्या एका जुन्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच ट्रॉमा सेंटरला न्यायचे आणि ऑरेंज काउंटीत जे जवळ असेल त्या हॉस्पिटलात. दोन्हीकडचे नव्वदेक मृत्यू घेऊन तपासले. ऑरेंज काउंटीत डोक्याचा मार नसलेल्या मृत्यूंपैकी साधारण दोन तृतीयांश टाळता आले असते असं निघालं, सॅन फ्रान्सिस्कोत असा जेमतेम एक सापडला. प्लीहा फाटून रक्त जाऊन मेलेली माणसं, ज्यांचं पोट कोणी वेळेत उघडलंच नाही. या अभ्यासानंतर ऑरेंज काउंटीने आपली पद्धत बदलली.

जास्त पेशंट बघणारं हॉस्पिटल म्हणजे चांगलं, असं असतं का?

बऱ्यापैकी, हाताला सवय लागते. २००१ मध्ये अमेरिकेत बघितलं तर वर्षाला ६५० च्या वर ट्रॉमा पेशंट घेणाऱ्या सेंटरांत फायदा दिसला, पण तो अतिगंभीर पेशंटमध्ये, म्हणजे पोटात भोसकलेलं आणि शॉकमध्ये (रक्त जाऊन बीपी कोसळलेलं), किंवा बराच मार लागून कोमात. बेताच्या पेशंटला फरक नाही. तिथल्या सर्जनांच्या संघटनेची लेव्हल वनसाठी अट पण वर्षाला १,२०० पेशंट किंवा आयएसएस १५ च्या वरचे २४० अशी राहिलीये. म्हणून एका शहरात गल्लोगल्ली ट्रॉमा सेंटर काढली तर पेशंट वाटले जातात आणि कोणाचाच हात बसत नाही.

लेव्हल वन आणि लेव्हल टू मध्ये फरक पडतो?

लेव्हल टू म्हणजे एक पायरी खालचं ट्रॉमा सेंटर. अभ्यास दोन्ही बाजूंनी आहेत. काही ठराविक भयंकर जखमांत, जसं हृदयाला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला, लेव्हल वन पुढे दिसतं. बाकी सरसकट बघितलं तर फरक कधी दिसतो कधी नाही. दोघांत निवड करायची वेळ आली तर अंतर बघा.

एक मोठं सेंटर बांधलं की काम झालं?

नाही हो. इंग्लंडने हे अनुभवलंय. नव्वदच्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटला एक प्रायोगिक ट्रॉमा सेंटर उभारून बघितलं, आजूबाजूच्या भागांशी तुलना केली, आणि १९९७ चा निष्कर्ष असा आला की मृत्यूदरात म्हणावा तसा फरक पडला नाही. कारण नुसतं सेंटर असून चालत नाही, पेशंट तिथे पोचवायची व्यवस्था लागते. मग २०१० ला लंडनमध्ये चार सेंटरांचं जाळं सुरू झालं आणि २०१२ च्या एप्रिलपासून बाकी इंग्लंडमध्ये. यात अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना जवळचं हॉस्पिटल सोडून पुढे जायची परवानगी आणि नियम दिले. २००८ ते २०१७ चे आकडे बघितले तर गंभीर जखमींच्या वाचण्याचे ऑड्स, म्हणजे वाचण्याच्या शक्यतेचं मरण्याच्या शक्यतेशी गुणोत्तर, १९ टक्क्यांनी वाढलेले निघाले.

आणि हे लगेच होत नाही. अमेरिकेतल्या राज्यांचा २००० सालचा अभ्यास सांगतो की व्यवस्था सुरू झाल्यावर रस्ते अपघातातले मृत्यू कमी व्हायला लागायलाच साधारण १० वर्षं गेली, आणि १५ वर्षांनी घट ८ टक्क्यांवर आली. म्हणून उद्घाटनानंतर दोन वर्षांनी कोणी 'काय फायदा झाला' विचारायला लागलं की मला हसू येतं.

छोट्या हॉस्पिटलात काहीच करता येत नाही मग?

भरपूर येतं! श्वासाचा मार्ग मोकळा करणं, छातीत हवा अडकली असेल तर नळी घालणं, बाहेरचं रक्त दाबून थांबवणं, कंबरेच्या हाडाला पट्टा बांधणं. यातल्या कशालाच लेव्हल वन लागत नाही. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं स्वस्त औषध आहे, २०१० मध्ये ४० देशांतल्या २७४ हॉस्पिटलांत २०,२११ पेशंटवर बघितलं, मृत्यूदर १६ वरून १४.५ टक्क्यांवर आला. फक्त मार लागल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं, नंतर दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. म्हणजे हे औषध मोठ्या हॉस्पिटलाची वाट बघत ठेवण्यापेक्षा पहिल्याच दारात दिलेलं बरं.

छोट्या हॉस्पिटलची खरी चूक मी फायलींमध्ये बघितली ती वेगळीच. आपल्याकडे ऑपरेशन होणार नाही हे माहीत असतानाही सीटी करत बसणं, रिपोर्टची वाट बघणं, मग फोन, मग अ‍ॅम्ब्युलन्सची वाट. अशा एका केसमध्ये पेशंट तीन तास तिथे होता आणि त्यात उपचार म्हणावा असा पंधरा मिनिटांचा. सोबत पाठवलेली सीटीची सीडी पुढच्या हॉस्पिटलात उघडली नाही म्हणून परत सीटी, ते वेगळंच.

म्हाताऱ्या माणसांचं गणित वेगळं का?

कारण त्यांना मार लागतो तो जिन्यावरून किंवा बाथरूममध्ये पडून, ट्रकखाली येऊन नाही. इंग्लंडच्या रजिस्ट्रीने २०१७ ला दाखवलं की वयस्कर गंभीर जखमींमध्ये सगळ्यात जास्त कारण दोन मीटरच्या आतून पडणं हेच आहे. दिसायला किरकोळ, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सवाला जवळच्या हॉस्पिटलात नेतो, तिथे ज्युनिअर डॉक्टर बघतो, सीटी उशिरा होतो आणि मग कळतं की मेंदूत रक्त साकळलंय. त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, आणि बीपीची गोळी घेणाऱ्याची नाडी रक्त जात असतानाही वाढत नाही. नेहमी ज्याचं बीपी १६० असतं त्याचं ११० झालं तर तरुणांच्या तक्त्यात ते नॉर्मल दिसतं, खरं तर तो बुडत असतो.

आमच्या जवळच्या हॉस्पिटलचा मृत्यूदर १० टक्के आहे, वाईट म्हणायचं का?

किती पेशंटवर? वर्षात ४० आले आणि ४ गेले तर १० टक्के. पण एवढ्या कमी आकड्यावर खरा दर ३ टक्क्यांपासून २४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, नुसत्या नशिबाने. पुढच्या वर्षी एकच जास्त वाचला तर ७.५ होईल आणि बोर्डावर 'मोठी सुधारणा' लागेल. म्हणून अशी तुलना नरसाळ्याच्या आकाराच्या आलेखात दाखवतात, डावीकडे कमी पेशंटवाल्यांना ऐसपैस जागा, उजवीकडे निमुळती होत जाते, आणि जो रेघांच्या बाहेर पडेल त्याचीच चौकशी करायची. पहिला-दुसरा-शेवटचा अशा याद्या मला अजिबात आवडत नाहीत.

डिस्चार्जपर्यंत मोजायचं की ३० दिवस?

निदान ३० दिवस. डिस्चार्जपर्यंतच मोजलं तर जो लवकर घरी किंवा दुसरीकडे हलवतो तो जिंकतो. वरच्या अमेरिकन अभ्यासातच बघा ना, हॉस्पिटलातला फरक १.९ टक्क्यांचा होता आणि वर्षानंतर ३.४ झाला. म्हणजे बराचसा फरक घरी गेल्यावर उघड झाला.

चिठ्ठ्या टाकून प्रयोग का करत नाहीत, म्हणजे एकदाचा निकाल लागेल?

बेशुद्ध माणसाला चिठ्ठीने छोट्या हॉस्पिटलात पाठवायला कुठली समिती परवानगी देईल? औषधाचे, रक्ताच्या प्रमाणाचे असे प्रयोग होतात, हॉस्पिटलच्या प्रकाराचे जवळजवळ होतच नाहीत. म्हणून ही सगळी जुळवाजुळवीची कसरत.

वाचला म्हणून मोजलेला माणूस नंतर कसा असतो हे कोणी बघतं का?

फार थोडे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची रजिस्ट्री बघते, सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी पेशंटला फोन करून विचारतात, चालता येतं का, कामावर परत गेलात का, दुखतं का अजून. आम्ही पण मध्यंतरी काही महिने असे फोन करून बघितले होते. निम्मे नंबर लागायचे नाहीत. एकदा एका बाईंनी उचलला, माझ्या यादीत त्यांचा नवरा 'जिवंत, डिस्चार्ज' होता. त्या म्हणाल्या, आहेत ना, पण बोलत नाहीत, मला ओळखतात की नाही तेही सांगता येत नाही, तुम्ही काय लिहिणार? फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता, मी समासात लिहून ठेवलं.